चारचौघांना विचारताना : उपकरणे आणि कंपन्या यांविषयी जाणकारांची मते गोळा करण्याची रीत

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाईल दुरुस्त करणाऱ्या एखाद्या कारागिराच्या टेबलाशी दुपारी अर्धा तास उभे राहून पाहावे. त्याच्यासमोर प्लास्टिकच्या छोट्या पुड्यांमध्ये उघडलेले फोन ठेवलेले असतात, प्रत्येक पुडीवर मार्करने ग्राहकाच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिलेले असतात, आणि हीट गनखाली काच सुटत असताना तो शेजारच्या दुकानदाराला सहज सांगून जातो, "याचा फोल्डर मिळतो, पण फ्रेमसकट घ्यावा लागतो." डिस्प्ले आणि टच यांच्या जोडीला या धंद्यात फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात. वरचे वाक्य जाहिरातीत नसते, नवा फोन हातात धरून केलेल्या व्हिडिओतही बहुधा नसते. दीड वर्षाने फोन हातातून निसटला, की मात्र त्याच वाक्याची किंमत आपल्याला मोजावी लागते.

अशी वाक्ये अनेक जाणकारांकडून पद्धतशीरपणे कशी गोळा करावीत, त्यांतून निष्कर्ष कसा काढावा आणि तो इतरांना कसा द्यावा, हे प्रथमच असे काम हाती घेणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे. हे काम महाविद्यालयीन विद्यार्थी करू शकतात, बचत गट करू शकतो, गावातील वाचनालय किंवा शेतकऱ्यांचा गटही करू शकतो. त्यासाठी वही, फोन आणि थोडी चिकाटी पुरते.

अनेकांकडून थोडे थोडे काम किंवा ज्ञान मिळवण्याच्या या पद्धतीला क्राउडसोर्सिंग हे नाव २००६ साली जेफ हाउ या पत्रकाराने 'वायर्ड' मासिकात दिले, परंतु कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधील प्लिमथच्या पशुप्रदर्शनात १९०६ साली एका बैलाचे कापून साफ केल्यानंतरचे वजन ओळखण्याची स्पर्धा झाली होती. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने तिच्यातील वाचता येण्याजोग्या ७८७ चिठ्ठ्या मिळवल्या आणि त्यांतील आकडे उतरत्या क्रमाने लावून मधोमध येणारा आकडा काढला. तो १,२०७ पौंड आला. प्रत्यक्ष वजन १,१९८ पौंड होते. हे उदाहरण सांगताना एक तपशील बहुधा गाळला जातो. प्रत्येकाने आपला अंदाज आपापल्या चिठ्ठीवर लिहिला होता, शेजाऱ्याची चिठ्ठी वाचून नव्हे. शिवाय अंदाज लिहिणाऱ्यांत खाटीक आणि शेतकरी पुष्कळ होते, म्हणजे जनावर पाहून वजन सांगण्याची सवय असलेली माणसे होती. वेगळे विचारणे आणि ज्याच्या हातून ती गोष्ट जाते त्यालाच विचारणे, या दोन अटी सुटल्या, तर कितीही मते गोळा केली तरी त्यांचा उपयोग होत नाही. पुढील सर्व पायऱ्या या दोन अटी सांभाळण्यासाठीच आहेत.

माझी फसगत

या अटी मला फसल्यानंतर कळल्या. काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतील तेवीस घरांनी मिळून इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या घ्यायचे ठरवले आणि कोणती बॅटरी घ्यावी हे विचारण्याचे काम माझ्याकडे आले. मी व्हॉट्सॲपच्या गटात प्रश्न टाकला. पहिले उत्तर विजेच्या क्षेत्रातून निवृत्त झालेल्या एका आदरणीय सरांचे आले, आणि नंतरची चौदा उत्तरे "सरांशी सहमत" अशी होती. मी वहीत पंधरा मते अशी नोंद केली. वास्तविक मत एकच होते आणि हात जोडणारे चौदा होते.

सरांचे मत चुकीचे नव्हते. ते ज्या वसाहतीत राहत होते तेथे वीज फारशी जात नसे, त्यामुळे त्यांना स्वस्त सपाट प्लेटची बॅटरी पुरत होती. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज दिवसातून दोनतीनदा, तीही तासतासभर जात असे, आणि अशा ठिकाणी बॅटरी खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरते. तो ताण ट्यूब्युलर म्हणजे नळीच्या आकाराच्या प्लेटची बॅटरी अधिक काळ सोसते. दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्यातील अर्ध्याहून अधिक घरांच्या बॅटऱ्या बसल्या. सरांना "तुमच्याकडे वीज दिवसातून किती वेळा जाते?" हा एक प्रश्न मी विचारला असता, तर हे टळले असते.

पहिल्या मताचा ओढा किती असतो, यावर २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. संशोधकांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळावरील काही प्रतिक्रियांना, त्या आल्याबरोबर, स्वतःच एक कृत्रिम पसंती देऊन ठेवली. तेवढ्यानेच त्या प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढले. आमच्या गटात तर पहिली पसंती सरांची होती.

पायरी पहिली : प्रश्न नेमका करणे

"कोणता मोबाईल चांगला?" या प्रश्नाला उत्तर नाही. "पंधरा हजारांच्या आतला, रावेर-यावलच्या केळीच्या बागेत दिवसभर खिशात राहणारा, मे महिन्यातही उन्हात पडदा वाचता यावा असा, आणि चार वर्षे चालावा असा फोन कोणता?" या प्रश्नाला उत्तर आहे. प्रश्नात पैसा, जागा, वापर आणि मुदत या चारही गोष्टी याव्यात. त्यांतील एक जरी नसली, तरी प्रत्येक जाणकार ती आपल्या मनाने भरतो आणि मग दहा जण दहा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

खानदेशात 'जागा' या शब्दाला विशेष वजन आहे. भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. ॲपल कंपनी आपला आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असे स्वतःच सांगते, म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा त्या मर्यादेच्या बराच पुढे आहे. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगला लावलेला फोन ही तिच्यासाठी सर्वांत वाईट अवस्था होय. थंड खोलीत बसून केलेल्या परीक्षणात याचा अनुभव येणे शक्य नाही. सातपुड्याच्या डोंगरातील तोरणमाळ किंवा धडगाव भागात प्रश्न उष्णतेचा नसून नेटवर्क धरण्याचा असतो, आणि जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या स्पीकरच्या जाळीत कापसाची तूस बसते. म्हणून एकच प्रश्नपत्रिका जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत फिरवू नये.

त्याचबरोबर, जी गोष्ट तपासता येते ती मत म्हणून विचारू नये. माणसांचा वेळ मौल्यवान असतो, आणि तपासता येणाऱ्या गोष्टीवर वाद घालण्यात तो जातो. मोबाईल, चार्जर आणि पॉवर बँक यांवर भारतीय मानक ब्यूरोचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, आणि तो 'बीआयएस केअर' या ॲपवर टाकून पाहता येतो. फोनवर *#०६# दाबले की आयएमईआय म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसतो. जुना फोन घेताना 'केवायएम' लिहून, जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ वर संदेशाने पाठवला की फोन काळ्या यादीत आहे की नाही हे कळते. किरणोत्सर्गाची भीती घालणारा कोणी भेटलाच, तर *#०७# दाबून पडद्यावर येणारे 'सार' (एसएआर) मूल्य, म्हणजे फोनच्या लहरींतील किती ऊर्जा शरीरात शोषली जाते त्याचे माप, पाहावे. भारतात त्याची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. एवढे घरबसल्या होते. यानंतर जे उरते, तेच माणसांना विचारायचे.

पायरी दुसरी : जाणकार कोण ते ठरवणे

येथे नवखे लोक हमखास चुकतात. जाणकार म्हणजे ज्याला सर्व काही माहीत आहे असा माणूस, अशी आपली समजूत असते, आणि मग आपण गावातील एका हुशार मुलाला सर्व प्रश्न विचारतो. वास्तविक प्रत्येकाला आपल्या खिडकीतून दिसते तेवढेच ठाऊक असते. दुरुस्ती करणाऱ्याला काय मोडते, सुटा भाग कितीला आणि किती दिवसांत येतो हे माहीत असते. दुकानदाराला कोणता फोन आठवड्यात परत येतो हे माहीत असते. दोन वर्षे तोच फोन वापरणाऱ्या शिक्षिकेला अपडेट आल्यानंतर तो किती मंद झाला हे माहीत असते. संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला चिप आणि सॉफ्टवेअर यांविषयी बोलता येते, परंतु चोपड्याच्या बाजारात चार्जिंगची पट्टी मिळते की नाही, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

हे नुसते सौजन्य नव्हे, यामागे गणित आहे. फ्रेंच विचारवंत कोंडोर्से यांनी १७८५ साली दाखवून दिले, की प्रत्येक माणूस निम्म्याहून अधिक वेळा बरोबर असेल आणि सर्वांनी स्वतंत्रपणे मत दिले असेल, तर माणसे वाढतील तसा बहुमताचा निर्णय अधिकाधिक बरोबर येतो. १०० पैकी ६० वेळा बरोबर ठरणाऱ्या अकरा जणांचे बहुमत १०० पैकी सुमारे ७५ वेळा बरोबर असते. त्याच गणिताची दुसरी बाजू अशी, की १०० पैकी ४० वेळाच बरोबर ठरणारे अकरा जण एकत्र केले, तर त्यांचे बहुमत केवळ २५ वेळा बरोबर येते. ज्याला विषय माहीत नाही अशांची संख्या वाढवली, तर आपण चुकीकडे अधिक खात्रीने जातो.

प्रत्येक प्रश्नासाठी नऊ ते पंधरा माणसे पुरतात, असा माझा अनुभव आहे. ती एकाच गल्लीतील नसावीत. जळगावचा कारागीर, शिरपूरचा दुकानदार, नंदुरबारच्या मिरची बाजारातला फोनवर सौदे करणारा अडत्या, अमळनेरची महाविद्यालयीन विद्यार्थिनी, साक्रीचा डिलिव्हरी करणारा मुलगा, अशी यादी असावी. एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेणारे पाच दुकानदार हे पाच जाणकार नसून बहुधा एकच जाणकार असतात, कारण त्यांची बातमी एकाच तोंडातून आलेली असते.

प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा स्वार्थ कोणता, हेही लिहावे. यात अपमान नाही. मोठ्या दुकानात एखाद्या कंपनीचा शर्ट घालून उभा असलेला मुलगा दुकानाचा नोकर नसून कंपनीचा प्रमोटर असतो, त्याला त्या कंपनीचे टार्गेट असते. त्याच्याकडून आपल्या कंपनीच्या फोनची कागदावरची माहिती उत्तम मिळते, प्रतिस्पर्ध्याविषयीचे मत मात्र बाजूला ठेवावे. समाजमाध्यमांवर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांनी पैसे, भेटवस्तू, सवलत किंवा फुकट सहल मिळाली असल्यास ते स्पष्ट सांगावे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. तोच नियम आपल्या वहीलाही लावावा आणि सरळ विचारावे : "हा फोन विकला तर तुम्हाला जास्त काही मिळते का?" बहुतेक लोक हसून खरे सांगतात.

पायरी तिसरी : विचारणे

प्रत्येकाला वेगळे गाठावे, शक्यतो समोर बसून, नाहीतर फोनवर. गटात प्रश्न टाकू नये. आधी कोण काय म्हणाले, ते सांगू नये. आपल्याला काय वाटते, ते तर मुळीच सांगू नये, कारण खानदेशी माणूस पाहुण्याला नाही म्हणायला संकोचतो, आणि "हा चांगला आहे ना?" असे विचारले की "हां, बरा शे" (हो, बरा आहे) असे अहिराणीत उत्तर येते.

या "बरा शे" मागे पुष्कळ काही दडलेले असते. ते समाधान असू शकते, कंटाळा असू शकतो, किंवा "घेतला आहे, आता काय करणार" असेही असू शकते. त्यावर न थांबता अनुभवाचा प्रश्न विचारावा : शेवटचे रिपेअर कधी झाले? काल रात्री किती टक्के चार्जिंग उरले होते? उद्या हाच फोन हरवला, तर पुन्हा हाच घ्याल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत अधिक उपयोगी पडले आहे. उत्तर देण्यापूर्वी माणूस जो क्षणभर थांबतो, तेही मी वहीत लिहून ठेवतो. अहिराणी बोलणाऱ्याशी अहिराणीतच बोलावे. पुस्तकी मराठीत विचारले की माणूस परीक्षेला बसल्यासारखा सावध उत्तर देतो. घरच्या बोलीत विचारले की तो चार्जर कसा तापतो हे हाताच्या अभिनयासह सांगतो.

कारागिराला विचारताना एक सापळा लक्षात ठेवावा. त्याच्याकडे बिघडलेलेच फोन येतात. तो म्हणेल, "अमुक कंपनीचे फोन सर्वांत जास्त येतात," आणि ते खरेही असेल. परंतु ती कंपनी त्या गावात सर्वांत जास्त विकली जात असेल, तर तिचे फोन जास्त येणारच. म्हणून त्याच वेळी शेजारच्या दुकानदाराकडून, त्याच्याकडे कोणत्या कंपनीचे किती फोन विकले जातात याचा अंदाज घ्यावा, आणि कारागिराला प्रश्न फिरवून विचारावा : "या मॉडेलचे आणि त्या मॉडेलचे दहा-दहा फोन आले, तर प्रत्येकी किती चार्जिंगच्या तक्रारीचे असतात? त्यांपैकी किती जण वर्षाच्या आत आलेले असतात?" सीसी बोर्डाची म्हणजे चार्जिंगच्या जोडणीच्या पट्टीची किंमत आणि ती मिळण्यास लागणारे दिवस मात्र त्याला थेट विचारावेत. तेथे त्याच्याइतका दुसरा जाणकार नाही.

ऑनलाइन दुकानांवरील ताऱ्यांचे काय करावे, असा प्रश्न नवीन मुले नेहमी विचारतात. ऑनलाइन परीक्षणे कशी घ्यावीत आणि कशी प्रसिद्ध करावीत, यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली आयएस १९००० हे मानक आणले. ते ऐच्छिक स्वरूपात लागू झाले. मी पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून देतो, दोन-तीन ताऱ्यांची परीक्षणे वाचतो, आणि त्यांतही खरेदीनंतर सहा महिन्यांनी लिहिलेली शोधतो. ही माझी सवय आहे, शास्त्र नव्हे.

पायरी चौथी : दुसरी फेरी

पहिल्या फेरीतील सर्व उत्तरे घेऊन, नावे काढून, एका पानावर लिहावीत. प्रत्येक उत्तराशेजारी त्याचे कारण लिहावे. ते पान त्याच माणसांना पुन्हा दाखवावे आणि विचारावे : हे वाचून तुमचे मत बदलते का, आणि बदलत असेल तर कोणत्या कारणामुळे? ही युक्ती अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात ओलाफ हेल्मर, नॉर्मन डाल्की आदींनी विकसित केली आणि तिला डेल्फी पद्धत म्हणतात. तिचे सारे बळ नावे काढण्यात आहे. "सर म्हणाले" असे न वाचता "वीज दिवसातून दोनदा गेली तर ही बॅटरी बसते" असे वाचले, की माणूस कारण तोलतो, सरांचे वय आणि हुद्दा तोलत नाही.

आमच्या पट्ट्यात ही फेरी मी पहिल्यांदा शेतातील मोटार फोनवरून चालू-बंद करणाऱ्या मोबाईल स्टार्टरविषयी केली. पहिल्या फेरीत बाराजणांपैकी आठजणांनी एका स्वस्त यंत्राला पसंती दिली होती. पानावर एका वायरमनचे कारण होते : विजेच्या तीन फेजांपैकी एक गेला, तर हे यंत्र मोटार लगेच बंद करत नाही आणि वाइंडिंग म्हणजे मोटारीतील तारांचे वेटोळे जळते. ते वाचून आठांपैकी पाच जणांनी मत बदलले. त्यांतील दोघांनी सांगितले, की आपली मोटार गेल्या वर्षी अशीच जळाली होती, पण दोष विजेला दिला होता. उरलेले तिघे ठाम राहिले, कारण त्यांच्याकडे फेज जाण्याची तक्रारच नव्हती. मी निष्कर्षात दोन्ही गोष्टी लिहिल्या. सर्वांना एका मतावर आणण्याचा हट्ट धरू नये, कोणत्या परिस्थितीत कोणते मत खरे ठरते ते कळले की काम झाले.

पायरी पाचवी : हिशेब

आकड्यांत आलेल्या उत्तरांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. समजा, "बॅटरी किती महिन्यांनी दिवसभर पुरेनाशी झाली?" या प्रश्नाला नऊ जणांनी १४, १६, १८, १८, २०, २२, २४, ३० आणि ६० अशी उत्तरे दिली. सरासरी जवळपास २५ महिने येते. परंतु नवांपैकी सातजणांची बॅटरी २५ महिन्यांच्या आतच दमली आहे. साठ महिने सांगणारे गृहस्थ बहुधा फोनवर केवळ बोलतात. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला म्हणजे २० हा आकडा घ्यावा, आणि त्याच्यासोबत "बहुतेकांना १६ ते २४ महिने" असा पल्लाही द्यावा. पल्ला लहान असेल तर मत पक्के आहे. पल्ला फार मोठा असेल, तर दोन वेगळ्या प्रकारचे वापरणारे एकाच रांगेत उभे आहेत असे समजून त्यांना वेगळे करावे.

कंपनीविषयी मत गोळा करताना

वस्तूवरचे मत आणि कंपनीवरचे मत या वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीविषयी विचारायचे ते हे : सुटे भाग किती वर्षे देते, अपडेटचे आश्वासन पाळते का, तक्रार आल्यावर कशी वागते. शेवटची गोष्ट पहिल्या पंधरा दिवसांच्या परीक्षणांत कधीच दिसत नाही. सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ ऑगस्ट २०१६ मध्ये आला तेव्हा समीक्षकांनी त्याचे भरभरून कौतुक केले. बॅटऱ्या पेट घेत असल्याच्या बातम्या वापरणाऱ्यांकडून आल्या, सप्टेंबरमध्ये कंपनीने फोन परत मागवले आणि ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबवले. बॅटरीतच दोष होते, हे कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये तपासाअंती सांगितले. समीक्षक अडाणी नव्हते. दोष दिसण्याइतके फोन आणि तेवढे दिवस त्यांच्याकडे नव्हते, एवढेच.

याहून बोलके उदाहरण डिसेंबर २०१७ चे आहे. फोनचा वेग मोजणारे गीकबेंच हे ॲप बनवणाऱ्या जॉन पूल यांनी, वापरणाऱ्यांनी स्वतः मोजून पाठवलेले आयफोन ६एसचे हजारो आकडे सॉफ्टवेअरच्या आवृत्तीप्रमाणे मांडले. जुन्या आवृत्तीत एकच उंच शिखर होते, नव्या आवृत्तीत खालच्या वेगांवर आणखी शिखरे उगवली होती. काही दिवसांतच ॲपलने मान्य केले, की जुनी बॅटरी असलेले फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून सॉफ्टवेअर त्यांचा वेग आवरते, आणि पुढील वर्षासाठी बॅटरी बदलण्याची किंमत अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलर केली. एकट्या माणसाला "माझा फोन जुना झाला असेल" असेच वाटले असते.

कंपनीविषयी विचारायचे म्हटले की आपल्याकडे अमळनेर आठवते. विप्रोचा जन्म १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी म्हणून झाला, १९६६ साली वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांनी ती हाती घेतली आणि पुढे ती संगणकाच्या क्षेत्रात गेली. जुने शेअर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी घरे आजही अमळनेरात आहेत. त्यांच्याकडून कंपनीचा इतिहास ऐकावा, पण भविष्याचा अंदाज घेऊ नये, कारण ज्या कागदाने घर उभे केले त्याविषयी तटस्थ बोलणे कोणालाही जमत नाही. हीच दक्षता पुण्यात किंवा बंगळुरूत नोकरीला असलेल्या आपल्या भाच्यापुतण्यांबाबत घ्यावी. कामाची पद्धत, प्रशिक्षण, वागणूक हे त्यांना अवश्य विचारावे. परंतु जाहीर न झालेला करार, निकाल किंवा कपात यांविषयी विचारू नये. शेअरच्या भावावर परिणाम करणारी अशी अप्रकाशित माहिती देणे-घेणे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या अंतर्गत व्यवहारविषयक नियमांत बसत नाही, आणि आपल्या वहीपायी मुलाची नोकरी जाऊ शकते. शेअर घ्यावा की विकावा, असा सल्ला तर या मतांवरून कोणालाच देऊ नये. तो व्यवसाय सेबीच्या नोंदणीचा आहे.

लिहिताना

निष्कर्षात पाहिलेले लिहावे, आरोप लिहू नये. "बारापैकी सात कारागिरांनी सांगितले, की या मॉडेलची चार्जिंगची जोडणी वर्षाच्या आत सैल झालेले फोन त्यांच्याकडे आले" हे वाक्य चालते. "कंपनी लोकांना लुटते" हे वाक्य चालत नाही. त्याला पुरावा नसतो, आणि बदनामीचे कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ वे आहे. मत देणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीशिवाय छापू नये. कारागिराकडून ऐकलेली गोष्ट कोणाच्या फोनची होती, हे तर वहीतही लिहू नये. कोणाची खरोखरच फसवणूक झाली असेल, तर त्याला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक द्यावा आणि बिल जपून ठेवायला सांगावे. आपण त्याचे वकील होऊ नये.

पायरी शेवटची : जाणकारांची परीक्षा

हे काम सहसा कोणी करत नाही, आणि मला ते सर्वांत गमतीचे वाटते. मत घेताना एखादा प्रश्न भविष्याचा विचारावा आणि उत्तर टक्क्यांत घ्यावे. उदाहरणार्थ, "या फोनला पुढच्या दिवाळीपर्यंत अँड्रॉइडची नवी आवृत्ती येईल, याची किती टक्के खात्री?" दिवाळीला वही उघडावी. ८० टक्के म्हणणाऱ्याचे बरोबर आले, तर ०.८ आणि १ यांतील फरकाचा वर्ग करून ०.०४ गुण लिहावेत. चुकले, तर ०.८ चा वर्ग म्हणजे ०.६४. ज्याचे सरासरी गुण कमी, त्याची पारख चांगली. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने पावसाचे अंदाज तपासण्यासाठी १९५० साली सुचवलेली ही मोजणी आहे, आणि पावसाच्या अंदाजांनी पोळलेल्या आपल्या शेतकऱ्यांना ती चटकन समजते. दोनतीन वर्षांत असे दिसू लागते, की छातीठोकपणे ९५ टक्के सांगणारा अनेकदा ०.९० घेऊन बसतो आणि "साठ टक्के, नक्की सांगता येणार नाही" म्हणणारी शिक्षिका यादीत वर असते. पुढच्या वेळी त्यांच्या मताला जास्त वजन द्यावे, परंतु ते गुण कोणाला दाखवू नयेत; मी एकदा दाखवले आणि एक चांगला दुकानदार वर्षभर बोलत नव्हता.

प्रत्येक निष्कर्षावर तारीख टाकावी आणि दरवर्षी उन्हाळा उलटल्यावर, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, तो पुन्हा फिरवावा, कारण बॅटऱ्यांचे खरे निकाल तेव्हाच लागतात. छापलेला कागद मत देणाऱ्यांना नेऊन द्यावा. गेल्या जूनमध्ये मी तो गोलाणी मार्केटमधील त्या कारागिराला दिला, तेव्हा त्याने हीट गन बाजूला ठेवली, मार्कर उचलला, आणि यादीतील तीन मॉडेलांवर काट मारून सांगितले, की यांचे फोल्डर आता येतच नाहीत.